काका, खटका आणि खटखट

'काका', 'खटका' आणि 'खटखट' या तीन शब्दांचं नातं काय? जावा या संगणकभाषेत तिन्हींचा हॅश, म्हणजे शब्दावरून काढलेला आकडा, एकच येतो: 7,16,12,242.

हजारो नोंदींतली एक शोधायची, तर हॅश टेबल, म्हणजे नोंदी कप्प्यांत ठेवणारी रचना, पहिल्यापासून चाळत बसत नाही. शब्दावरूनच एक आकडा काढतं, त्यावरून कप्पा ठरवतं आणि थेट तिथे हात घालतं. नोंदी शंभर असोत की दहा लाख, वेळ जवळपास तेवढाच. संगणकशास्त्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती हीच.

जावाची रीत सोपी आहे. हातात असलेल्या आकड्याला 31 ने गुणायचं आणि पुढच्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला दिलेला ठरावीक आकडा) त्यात मिळवायचा. क म्हणजे 2325, काना 2366; म्हणून 'का' = 2325 × 31 + 2366 = 74,441. ख 2326 आणि ट 2335, म्हणून 'खट'सुद्धा 74,441च! पहिलं चिन्ह एकाने वाढलं, दुसरं 31 ने घटलं, हिशेब फिटला.

दोन शब्द असे एकाच कप्प्यात येण्याची टक्कर टळत नाही. कप्पे मोजके, शब्द अगणित. दहा लाख कप्पे असले तरी साधारण 1,178 नोंदींतच कुठेतरी टक्कर होण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. 1953 मध्ये आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी सुचवलेला उपाय आजही चालतो: एका कप्प्यातल्या नोंदी साखळीत ओवायच्या आणि शोधताना मूळ शब्द ताडून पाहायचा. म्हणून 'काका' मागितल्यावर 'खटका' हाती येत नाही.

पण 'का' आणि 'खट' दहा जागी हवे तसे बसवले, की एकाच हॅशचे 1,024 शब्द तयार! कुणी मुद्दाम असे शब्द सर्व्हरवर धाडले तर सगळे एकाच साखळीत अडकतात आणि प्रत्येक नव्या शब्दासाठी ती अख्खी तपासावी लागते. 2011 मध्ये अनेक भाषांतली ही उणीव चव्हाट्यावर आली. 2012 पासून पायथन प्रोग्राम सुरू होतानाच हॅशमध्ये एक गुप्त आकडा मिसळू लागलं. त्यामुळे टकरणारे शब्द आधीच हेरून ठेवता येत नाहीत. जावाचं 31 चं सूत्र मात्र भाषेच्या अधिकृत दस्तऐवजातच नोंदलेलं, ते बदलणार कसं? म्हणून 2014 च्या जावा 8 ने कप्प्याची आतली रचना बदलली. टेबल पुरेसं मोठं असेल आणि साखळी आठाच्या पुढे गेली, तर तिचं क्रमवार फांद्यांचं झाड होतं. त्या 1,024 शब्दांतला हवा तो शब्द मग वीसएक तुलनांत सापडतो.