जलतापकाची नळजोडणी

घरगुती जलतापकाला (गीझर) थंड पाण्याचा पुरवठा व गरम पाण्याचा निर्गम जोडण्याची आणि तापताना टाकीत वाढणाऱ्या दाबाला सुरक्षित वाट करून देण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः साठवण प्रकारच्या विद्युत् जलतापकाचा विचार केला आहे.

नाव व पूर्वपीठिका : ‘गीझर’ हा शब्द आइसलँडमधील हाउकादालुर खोऱ्यातल्या गेइसिर या उष्णोदकाच्या कारंज्यावरून आला. त्याच्या मुळाशी ‘उसळणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये वायूवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले व त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धुराडे नव्हते. १८८९ च्या सुमाराच्या स्वयंचलित साठवण तापकाचे श्रेय सामान्यतः पिट्सबर्ग येथील एडविन रूड याला दिले जाते. अमेरिकेत गीझर म्हणजे फक्त कारंजे. तापक हा अर्थ ब्रिटिश वापरातून भारतात आला आणि येथे पक्का झाला.

मराठी घरांत त्याआधी बंब होता. हा शब्द पोर्तुगीज ‘बोम्बा’ (पंप) यावरून आल्याचे बहुधा मानले जाते. ‘आगीचा बंब’ या प्रयोगात पंपाचा अर्थ शाबूत असल्याने हे मत ग्राह्य वाटते. मात्र पाणी उपसणाऱ्या यंत्राचे नाव पाणी तापवणाऱ्या भांड्याला कसे लागले, याचा उलगडा एवढ्याने होत नाही. दोन्हींतील तांब्या-पितळेचे पिंप आणि तोटी यांमुळे ते चिकटले असावे. शब्द अनुकरणवाचक मानण्याचा मोह होतो, पण तशी गरज दिसत नाही. मधोमध निखाऱ्यांची उभी नळी आणि भोवती पाणी, ही रचना रशियन सामोवाराशी (चहाचे पाणी तापवण्याच्या भांड्याशी) जुळते. तथापि केवळ रचनासाम्यावरून उगम ठरवणे धाडसाचे होईल. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत असे बंब घडवले जात. जोडणीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की बंबाचे तोंड उघडे असते. पाणी वरून ओतायचे व खालच्या तोटीने घ्यायचे; त्यामुळे दाब साठायला जागाच नाही.

दाबाचा प्रश्न : साठवण तापकाची टाकी बंद असते. २५ लिटर पाणी २५° से. वरून ७५° से. पर्यंत तापले, की त्याचे आकारमान सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. पाणी जवळजवळ असंपीड्य (दाबून न आकसणारे) असल्याने या अर्ध्या लिटरला वाट मिळाली नाही, तर दाब झपाट्याने चढतो. शिवाय गच्चीवरच्या टाकीचा दाब असतोच : दर १० मी. उंचीला सुमारे १ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. बंगल्यात तो नगण्य असतो. वीस मजली इमारतीच्या तळमजल्यावर मात्र दाब घटवणारी झडप नसल्यास तो सहाच्या आसपास जातो. म्हणून तापक घेताना त्यावरील दाबाचा आकडा लिटरइतकाच पाहावा लागतो.

तापनियंत्रक (थर्मोस्टॅट) व उष्णता-विच्छेदक (पाणी अति तापल्यास वीज तोडणारे साधन) दोन्ही निकामी झाल्यास पाणी १००° से. च्या वर जाऊनही दाबाखाली द्रवच राहते. ८ बार (सुमारे ८ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी.) दाबाला त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १७५° से. असतो. अशी टाकी फुटली, की पाण्याचा काही अंश क्षणात वाफ होतो. ओक्लाहोमा राज्यातील स्पेन्सर येथे १९८२ मध्ये शाळेतील तापकाच्या स्फोटात सहा मुले व एक शिक्षिका मृत्युमुखी पडली.

झडपेचे स्थान : जादा दाब सोडणारी झडप कोठे बसवावी, याबाबत दोन परंपरा आहेत. अमेरिकेत टाकीच्या वरच्या भागात दाब व तापमान दोन्हींवर उघडणारी झडप बसवतात (सामान्यतः ९९° से. वा १५० पौंड प्रति चौ. इंच). यूरोपात, आणि त्याच धर्तीवर भारतात, ती थंड पाण्याच्या प्रवेशनळीवर असते. पहिलीत सर्वांत गरम पाण्याचे तापमान प्रत्यक्ष जोखले जाते. दुसरीत झडपेतून थंडच पाणी बाहेर पडते, त्यामुळे क्षार कमी साचतात. बोअरच्या कठीण पाण्याचा विचार करता येथे दुसरी पद्धत अधिक सोयीची दिसते. मात्र तिच्यात तापमानाची राखण विच्छेदकावर अवलंबून राहते.

भारतीय बाजारातील बहुकार्यी झडप अंगठ्याएवढी, पितळी असते. पाणी उलट जाऊ न देणे आणि जादा दाब सोडणे ही तिची प्रमुख कामे. तिच्यावरील बाण टाकीकडे असावा आणि ती व टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक नसावा. बंद करण्याचा कॉक झडपेच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला. नुसती परतरोधी झडप बसवणे हे काहीच न बसवण्यापेक्षा धोक्याचे, कारण प्रसरण पावलेले पाणी एरवी गच्चीच्या टाकीकडे मागे सरकते, ती वाटही बुजते. तापताना झडपेच्या बारीक तोंडातून थेंब पडतात. ‘गीझर गळतो’ म्हणून त्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली किंवा एम-सीलचा गोळा चिकटवलेला आढळतो. गळती थांबते, संरक्षणही संपते. थेंब नकोच असतील, तर उघड्या तोंडाची नळी उताराने मोरीपर्यंत नेतात.

नळ व सांधे : निळी खूण थंड पाण्याची, लाल गरम पाण्याची. साधे पीव्हीसी गरम बाजूस चालत नाही. सीपीव्हीसी (क्लोरीनयुक्त पीव्हीसी) सुमारे ९३° से. पर्यंत टिकते. जस्तलेपित लोखंड व तांबे थेट जोडल्यास सांध्याशी लोखंड गंजते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळतात. पूर्वी सूत व सफेदा वापरत. जोडणीनंतर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरतात : नळ आधी खाकरतो, मग धार एकसंध होते. तोपर्यंत बटण दाबू नये, कारण कोरडा तापन-घटक (हीटिंग एलिमेंट) जळतो. आर्थिंग व ३० मिलिअँपिअरचे गळती-विच्छेदक (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे साधन) आवश्यक.

इतर प्रकार : वायूच्या तापकात नळजोडणीपेक्षा वायुवीजन महत्त्वाचे, बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू होतात. सौर तापकाची वायुनलिका पुरवठा-टाकीतील पाण्याच्या पातळीहून उंच नेऊन उघडी ठेवतात. ती बुजल्यास उपसा होताना टाकीत निर्वात होऊन पत्रा आत चेपतो.