इंदूरची वेताची खुर्ची 'चंडीगढची' कशी झाली : पार्श्वभूमी

रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंज, मनोरमागंज या भागांतले एखादे जुने घर पाडायला काढले की भंगारवाल्याच्या मागोमाग जुन्या फर्निचरचा व्यापारी येतो. त्या घरातून निघालेली सागवानी, वेताने विणलेली हात्याची खुर्ची आता 'मिड-सेंच्युरी', म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातली, म्हणून विकली जाते. भाव आणखी चढावा म्हणून तिच्यापुढे 'चंडीगढ' हाही शब्द लागतो, कारण चंडीगढच्या सरकारी इमारतींतल्या वेताच्या खुर्च्या परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या जातात. पहिला शब्द बहुतेक वेळा बरोबर असतो, दुसरा क्वचितच. त्या दुसऱ्या शब्दाच्या नादाने चांगल्या खुर्च्यांचे पाय कापले जाऊ लागले आहेत, म्हणून हा मागचा इतिहास.

इंदूरच्या आधुनिक फर्निचरचा विषय निघाला की सुरुवात माणिकबागेपासून करायची पद्धत आहे. १९३० ते १९३३ या काळात तरुण होळकर महाराजांनी बर्लिनच्या एका पंचविशीतल्या वास्तुकाराकडून तो महाल बांधून घेतला. आतल्या खुर्च्या, पलंग, गालिचे, चांदीची भांडी पॅरिस आणि बर्लिनच्या नामवंत कारागिरांची होती. मे १९८० मध्ये त्यातला बराच ऐवज मोनॅकोच्या लिलावात गेला, आणि महालात आज केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये या संग्रहावर मोठे प्रदर्शनही झाले. हे सगळे कौतुकाचेच आहे, पण क्रोमच्या नळ्या, काच आणि कातडे यांचे ते सामान परदेशातून घडून आले होते. शहरातल्या सुताराच्या हातून निघालेल्या खुर्चीशी त्याचे नाते फार पातळ आहे. शिवाय ते १९३० च्या दशकातले, म्हणजे ज्याला आपण मिड-सेंच्युरी म्हणतो त्याच्या वीस वर्षे आधीचे. माणिकबागेला एवढी जागा पुरे.

खरा बदल १९४८ नंतरचा. मे १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झाले आणि राजधानीचा मान इंदूर व ग्वाल्हेर यांच्यात वाटला गेला. कचेऱ्या वाढल्या, नोकरदार वाढले आणि त्यांच्यासोबत छोट्या प्लॉटवरची स्लॅबची घरे आली : खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली चिप्सची फरशी. वाड्यातल्या गादी-लोडाच्या बैठकीची जागा दहा बाय बाराच्या ड्रॉइंगरूमने घेतली. तिथे कोरीव पायांचा अवजड सोफा मावत नव्हता, आणि मावला तरी त्याच्याखाली केरसुणी फिरत नव्हती. जमिनीपासून उचललेले, निमुळत्या पायांचे, हातात धरून एका माणसाला हलवता येईल असे फर्निचर या घरांनी मागितले. परदेशी मासिकांतल्या चित्रांचा त्यात वाटा होताच, पण खोलीचे माप आणि लाकडाची टंचाई यांचा वाटा मोठा होता, असे त्या काळातल्या खुर्च्या उलगडून पाहिल्यावर वाटते.

टंचाई कशी, ते पाहा. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हातात गेल्यावर रुंद फळ्यांचे बर्मा सागवान अडले, आणि युद्धानंतरही ते पूर्वीसारखे स्वस्त झाले नाही. हरदा, बैतूल, खंडवा, होशंगाबाद या बाजूंचे सागवान जवळचे. कोरड्या जमिनीत हळू वाढल्यामुळे ते घट्ट आणि वजनदार असते, पण खोड बारीक, गाठी जास्त, आणि सलग रुंद फळी निघणे कठीण. सुताराने त्यावर उपाय काढला तो असा : चौकट दीड इंची पट्ट्यांची करायची आणि मधली जागा वेताने भरायची. पाठीला आणि बैठकीला वेत आला तो हवा खेळावी म्हणून आणि लाकूड वाचावे म्हणून. ज्याला आज 'हलका आधुनिक आकार' म्हणतात त्याच्यामागे हा हिशेब आहे.

अशा खुर्चीची साधारण मापे ठरलेली दिसतात. पाय वर दीड इंच, खाली पाऊण ते एक इंच. बैठकीची उंची पुढे सोळा इंच, मागे दीड इंच कमी. चौकट अठरा बाय अठरा. दिवाण सहा फूट बाय अडीच फूट. सांधे साल-चुलीचे, म्हणजे पायातल्या खाचेत आडव्या पट्टीची जीभ बसवलेली, आणि वरून लाकडी किंवा बांबूची खिळी. चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला चिकट पदार्थ. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आल्यानंतर सरस हळूहळू मागे पडला. सांध्याच्या फटीत तपकिरी, काचेसारखे ठिसूळ कण दिसले तर सरस, आणि पांढुरका, रबरासारखा पापुद्रा दिसला तर फेव्हिकॉल. मात्र एवढ्यावरून खुर्चीचे वय ठरवू नये, कारण दुरुस्ती नंतरचीही असू शकते. एकाच खुर्चीत दोन्ही सापडणे नेहमीचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश झाले, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्या भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, इंदूर यांच्यात विभागल्या. कचेरीचे सामान मोडले की त्याचे निर्लेखन होते, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करून ढिगाने लिलाव. अशा ढिगांतून सरकारी खुर्च्या खाजगी घरांत आल्या. त्यांच्या मागच्या पट्टीवर किंवा बैठकीखाली पांढऱ्या रंगात खात्याची अक्षरे आणि क्रमांक असतात. आजच्या सगळ्या गोंधळाचे मूळ त्या क्रमांकात आहे.

चंडीगढच्या सरकारी इमारतींसाठी १९५० आणि १९६० च्या दशकांत जे फर्निचर झाले त्यावरही असेच रंगवलेले क्रमांक होते. तेही सागवानाचे, तेही वेताचे. पुढे तिथल्या कचेऱ्यांनी ते गच्चीवर टाकले, भंगाराच्या भावात काढले, आणि परदेशी व्यापाऱ्यांनी उचलून युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखोंच्या किमतीला विकले. यावर आरडाओरड झाली तेव्हा, २०११ मध्ये, केंद्राने हुकूम काढला की चंडीगढचे हे वारसा-फर्निचर विकू वा देशाबाहेर पाठवू नये. या हुकुमावर वाद आहे तो असा. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा फर्निचरसारख्या वस्तूला शंभर वर्षे झाल्यावरच पुरावस्तू मानतो. १९५५ ची खुर्ची त्या कायद्यात २०५५ पर्यंत बसत नाही. म्हणजे हुकुमामागे कायद्याचे पूर्ण बळ नाही, आणि आधीच बाहेर गेलेल्या मालावर तर त्याचा काहीच इलाज नाही. परदेशातले लिलाव त्यानंतरही चालूच राहिले. हुकुमाच्या बाजूचे म्हणतात की निदान उरलेल्या सामानाची मोजदाद झाली, कचेऱ्यांना टाकून देण्याची भीती वाटू लागली. विरोधातले म्हणतात की ज्यांनी भंगारात काढले त्यांनीच नंतर वारशाचा झेंडा हाती घेतला, आणि ज्या व्यापाऱ्यांनी ते दुरुस्त करून वाचवले त्यांना चोर ठरवले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण हुकूम उशिरा आला आणि अर्धवट आला, हे मान्य करायला हरकत नसावी.

इंदूरपुरता त्याचा परिणाम उलटा झाला. 'चंडीगढ' हे नाव दुर्मीळ आणि महाग आहे एवढेच बाजाराच्या लक्षात राहिले. पांढरा क्रमांक असलेली कुठलीही सरकारी खुर्ची त्या नावावर खपवता येते, असे दिसले. प्रत्यक्षात असे क्रमांक देशभरातल्या कचेऱ्या, शाळा, इस्पितळे घालत. तो सामानाच्या नोंदवहीचा क्रमांक आहे, आणि त्यातून फार तर खाते कळते. अक्षरांत खात्याचे संक्षिप्त नाव नीट वाचता आले आणि ते चंडीगढशी जुळले तर पुढे विचार करावा. केवळ आकडा असेल तर सोडून द्यावे. आणि रंग नखाने खरवडून पाहावा. जुना तेलरंग कडक होऊन पॉलिशमध्ये चावलेला असतो, त्याच्या कडांवर मळ बसलेला असतो. ताजा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्याच्याखाली ओरखडे आधीपासून असतात. क्रमांकाच्या खालून ओरखडा गेला असेल तर क्रमांक नंतरचा, हा नियम बहुधा फसत नाही.

चंडीगढच्या प्रसिद्ध खुर्चीची खूण म्हणजे बाजूने उलट्या 'व्ही'सारखे दिसणारे जाड पाय. त्यात पाय, हात आणि बैठकीची पट्टी मिळून त्रिकोण होतो आणि भार त्या त्रिकोणात वाटला जातो. इंदूरच्या घरगुती खुर्चीत पाय सुटे आणि जवळजवळ सरळ, भार मुख्यतः मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी यांच्या सांध्यावर. माणूस मागे रेलला की हाच सांधा उघडतो. आता काही ठिकाणी या खुर्चीचे सरळ पाय कापून त्यांच्या जागी 'व्ही' पाय स्क्रूने बसवतात. मूळ पट्टी असते सव्वा ते दीड इंचाची. तिला दोन बाजूंनी भोके पाडली की मधे अर्धा इंच लाकूड उरते, आणि ते सांध्यापाशीच उभे चिरते. अशी खुर्ची वर्षभर टिकली तरी नशीब. बनावट ओळखायला खुर्ची उलटी करावी : पायाच्या माथ्यावर ताजे पांढुरके लाकूड, मशीनच्या करवतीचे गोल व्रण, क्रॉस खाचेचे स्क्रू, आणि बैठकीच्या पट्टीला उरलेली जुन्या सांध्याची खूण. ही शेवटची खूण लपवता येत नाही. उलट खऱ्या चंडीगढच्या खुर्च्याही एकसारख्या नाहीत, कारण त्या अनेक छोट्या कारखान्यांत आराखड्यावरून हाताने झाल्या. म्हणून अर्ध्या इंचाचा फरक दिसला म्हणजे माल खोटा, असेही म्हणता येत नाही.

नुकसानीचा दुसरा भाग पॉलिशचा. १९७० पर्यंतच्या घरगुती खुर्चीवर बहुधा लाखेचे स्पिरिट पॉलिश असते. एका लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा लाख, कापसाच्या पोटलीने पातळ थर, चार-सहा वेळा. बैठकीखालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाका : अर्ध्या मिनिटात चिकट झाले तर लाख, काही झाले नाही तर वरून मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असे कृत्रिम पॉलिश मारलेले आहे. लाखेचे पॉलिश असेल तर खरवडायचे काहीच कारण नसते. स्पिरिटच्या फडक्याने मळ काढून वर दोन थर दिले की पुरते. मशीनने घासून पीयू मारला की लाकडाचा जुना रंग जातो, कडांची धार गोल होते, आणि पुढची दुरुस्ती अवघड होते. लाखेचे काम पावसाळ्यात मात्र करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा धरतो आणि पॉलिश पांढरे पडते. स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली लाख सहा-आठ महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ती वाळतच नाही, बोटाला चिकटत राहते.

वेताबद्दल इंदूरच्या हवेचे भान हवे. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत वेत कडक होतो आणि भोकाच्या कडेवर तुटतो. कूलरसमोर ठेवलेल्या खुर्चीचा एका बाजूचा वेत सैल राहतो. उपाय सोपा आहे : महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओले फडके फिरवावे. वरची बाजू चकचकीत असल्याने पाणी पीत नाही, खालची पिते. झोळ पडला असेल तर खालून चांगले भिजवून रात्रभर वाळू द्यावे. वेत तुटलेला नसेल तर बऱ्याच अंशी ताणला जातो. नवी विणाई करायची तर भोके तीन सूत (म्हणजे तीन अष्टमांश इंच) अंतरावर असतील तर दोन मिलिमीटरचा वेत आणि अर्धा इंच असतील तर अडीचचा घ्यावा. अठरा इंची बैठकीला अडीचशे ते तीनशे फूट वेत लागतो. कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटे भिजवणे पुरे, तासन्‌तास बुडवला तर तो काळवंडतो. क्रम असा : उभा, आडवा, पुन्हा उभा, मग खालवर घेत आडवा, त्यानंतर दोन तिरपे, आणि शेवटी कडेची पट्टी. ओला असताना फार खेचू नये. वाळताना तो आकसतो, आणि बारीक चौकटीची पुढची पट्टी आत वाकते.

१९७० नंतर वेताच्या जागी प्लास्टिकची तार आली. स्वस्त, धुता येणारी, आणि ती विणणारे कारागीर सहज मिळत. पण ती उन्हाने लांबते आणि वेतासारखी परत आकसत नाही, म्हणून कारागीर ती ओढून ओढून बांधतात आणि भोकांमधले लाकूड चिरते. प्लास्टिक काढून परत वेत घालायचा असेल तर आधी प्रत्येक भोक टोकदार काडीने तपासावे. दोन भोके एकमेकांत उघडली असतील तिथे सागाची काडी सरसाने ठोकून, वाळल्यावर नव्याने भोक पाडावे लागते. कडेचे लाकूड फिकट, पांढरट असेल तर तो कच्चा भाग आहे. त्यात घुण असतो, आणि तिथे काडी धरत नाही. ती पट्टीच बदलावी.