छोट्या हार्पला पितळेच्या तारा: आधीची गोष्ट

मागच्या पावसात इथं फोंड्याला मित्राच्या छोट्या हार्पची (बोटांनी छेडायचं उभं तारवाद्य) नायलॉन काढून आम्ही स्वरमंडळाच्या पितळी तारा चढवल्या, म्हटलं आवाज खणखणीत येईल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तारा जिला बांधतात ती पुढची फळी पोट सुटल्यासारखी वर आलेली. चूक आमचीच. जाडी, लांबी, स्वर सगळं तेच ठेवलं तर पितळेची तार नायलॉनच्या ७-८ पट ओढते, आणि आम्ही जाडीकडे बघितलंच नव्हतं.

मग वाचत बसलो तेव्हा कळलं की हे खूळ आमचं नाही, आयर्लंड आणि स्कॉटलंडची जुनी हार्प पितळेच्याच तारांची. १२व्या शतकात तिकडे फिरून आलेला वेल्सचा पाद्री जेराल्ड लिहितो की हे लोक चामड्याच्या तारांपेक्षा पितळेच्या जास्त वापरतात. १५८१ मध्ये गॅलिलिओचे वडीलही सांगतात, तारा बहुतेक पितळी, वरच्या सुरांना थोड्या पोलादी.

पण मग त्यांची फळी का फुगत नव्हती? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये एक जुनी हार्प आहे, २९ तारांची, तिचा पेटारा विलो नावाच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला, आपल्या पखवाजाचं खोड कोरतात ना तसा. आमच्या हार्पची फळी म्हणजे पातळ प्लायवूड, ती कुठं टिकणार.

वाजवायची रीतही वेगळी होती, वाढवलेल्या नखांनी. तार छेडली की घुमत राहते, त्यामुळे पुढचा सूर छेडताना मागचा बोटानं दाबून बंद करायचा, नाहीतर सगळा गोंधळ. १७९२ ला बेलफास्टला हार्पवाल्यांना जमवलं तेव्हा १० आयरिश आले, आणि त्यात नखांनी वाजवणारा एकच, नव्वदी ओलांडलेला आंधळा डेनिस हेम्पसन. १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंगनं तिथं चाली उतरवून घेतल्या म्हणून निदान तेवढं तरी राहिलं. हार्पवाल्यांना पदरी ठेवणारे सरदार आधीच संपले होते. पुढं डब्लिनच्या जॉन इगननं आतड्याच्या तातीची (आपल्या सारंगीला असते ती) छोटी हार्प काढली, ती बायकांच्या दिवाणखान्यात चालली आणि पितळ मागं पडलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅन हेमन यांनी नखं वाढवून ती रीत परत उभी केली.

मित्रानं नायलॉन परत लावली. फळी बसली, पण पूर्ण नाही. तारा स्वरमंडळाला परत गेल्या.