प्लॅस्टिकच्या नोटेवरचे ठसे: ‘अच्छिद्र’ या शब्दाचा घोळ

कागदी नोट तपासायला आली की पहिली पायरी ठरलेली असायची. बोटाच्या घामातली अमिनो आम्लं कागदाच्या तंतूंत मुरतात. १९५४ मध्ये बोटांच्या ठशांसाठी सुचवलं गेलेलं निनहायड्रिन हे रसायन लावलं की ती जांभळी होऊन उमटतात. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाने पॉलिप्रॉपिलीनची दहा डॉलरची नोट काढली आणि घामाला मुरायला जागाच उरली नाही.

तपासणीच्या पद्धती निवडताना आधी पृष्ठभाग सच्छिद्र की अच्छिद्र हे ठरवतात. नोट प्लॅस्टिकची, म्हणून ती अच्छिद्र गटात गेली. हे जरा घाईचं झालं. प्लॅस्टिक आहे ते आत. त्यावर अपारदर्शक पांढरे थर, त्यावर रंगीत छपाई, काही ठिकाणी बोटाला जाणवणारी उठावदार शाई, आणि सगळ्यावर संरक्षक लेप. पारदर्शक खिडकी साध्या प्लॅस्टिकसारखी वागते, शेजारचा छापील भाग तसा वागत नाही, आणि उठावदार रेषा तर ठशाच्या रेषाच तोडतात. नोट चलनात फिरून झिजली की लेपही पहिल्यासारखा राहत नाही. यावर तोडगा म्हणून ‘अर्धसच्छिद्र’ म्हणावं, तर तेही एकाच नोटेवरच्या चार पृष्ठभागांना एकच नाव देणं झालं. हा नुसता शब्दांचा वाद नाही. प्रक्रियांचा क्रम या वर्गीकरणावरून ठरतो, आणि पहिली पायरी चुकली तर पुढचीला काही हाती लागत नाही.

अच्छिद्र गटाचं नेहमीचं हत्यार म्हणजे सुपरग्लूची वाफ, अर्थात सायनोअ‍ॅक्रिलेट. तिने ठसा पांढरा उमटतो, पण फिकट, रंगीबेरंगी नोटेवर तो पांढरा दिसणार कसा? विशिष्ट प्रकाशात चकाकणारं रंगद्रव्य चढवलं तर छपाईही चकाकू लागते. म्हणून निर्वात धातुलेपनाकडे, म्हणजे हवा काढून टाकलेल्या पेटीत धातूची वाफ बसवण्याकडे, वळावं लागलं. आधी सोन्याचा डोळ्याला न दिसणारा थर, मग जस्त. ठशाच्या स्निग्ध रेषांवर जस्त बसत नाही, आजूबाजूला बसतं. ठसा उलटा, मोकळ्या रेषांचा दिसतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात सुपरग्लू आणि धातुलेपन यांची जोडी लावली गेली.

२०१६ मध्ये ब्रिटनमध्ये पाच पौंडांची प्लॅस्टिकची नोट चलनात आली आणि संशोधनाला ऊत आला. एका नोटेवर चाललेली पद्धत दुसऱ्या मूल्याच्या नोटेवर तशीच चालेल याची खात्री नव्हती. छपाईचा अडथळा टाळायला अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची वाट सापडली: बहुतेक रंग अवरक्त कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, आणि ‘इजिप्शियन ब्ल्यू’ची भुकटी मात्र तिथे उजळते. प्राचीन इजिप्तच्या चित्रकारांचा हा निळा रंग आता ठसे शोधतो आहे. अर्थात, भुकटी चिकटायला ठसा ताजा लागतो. जुन्यासाठी धातुलेपनच बरं.

खिडकीवरचा ताजा ठसा कधीकधी साध्या भुकटीनेही निघतो, संशयिताने नेमकं तिथेच बोट टेकवलं असेल तर.