शिर्डीला जायचंय: समृद्धीने की नाशिक हायवेने?

"समृद्धीने गेलात की हायवेने?" शिर्डीहून परतलेल्या माणसाला आमच्या कोलशेतच्या सोसायटीत हल्ली दर्शन कसं झालं हे नंतर विचारतात, आधी हा प्रश्न. समृद्धी म्हणजे मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, हायवे म्हणजे जुना मुंबई-नाशिक महामार्ग. दोन्ही रस्ते ठाण्याहून त्याच दिशेला निघतात, दोन्हींवर फास्टॅगच लागतो, आणि घाईत लोक दोन्हींना 'हायवे'च म्हणतात. मग एका रस्त्याचा हिशेब दुसऱ्याला लावला जातो.

पहिला गैरसमज असा, की समृद्धी पकडली म्हणजे ट्रॅफिकमधून सुटका. समृद्धी सुरू होते भिवंडीजवळच्या आमणेला. तिथवर पोचायला माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजनोली हे सगळं भोगावंच लागतं, आणि ते हायवेवाल्यांनाही भोगावं लागतं. तेव्हा 'समृद्धीमुळे दीड तास वाचला' असं कोणी छाती फुगवून सांगितलं, तर आधी विचारायचं की घरून किती वाजता निघालात. पहाटे पाचला निघालेला माणूस कुठल्याही रस्त्याने लवकरच पोचतो.

आता टोल. माझे मेहुणे गेल्या दिवाळीत सगळ्यांना सांगत होते, "वर्षाचा पास काढलाय, आता टोल फुकट." समृद्धीवरून उतरताना दांडा काही वर होईना. मागे गाड्यांचे हॉर्न, मागच्या सीटवर दोन भुकेली मुलं, आणि हे खाली मान घालून फोनवर रिचार्ज करतायत. फास्टॅगच्या खात्यात 60 रुपये होते. पास शाबूत होता, फक्त तो तिथे चालत नव्हता.

15 ऑगस्ट 2025 ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास (तेव्हा किंमत 3000 रुपये; वर्षभर किंवा 200 फेऱ्या, म्हणजे 200 वेळा नाका ओलांडणं, जे आधी संपेल ते) हा राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांसाठी आहे, आणि तोही फक्त खासगी गाडीला. पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी केलीत तर पासाचा विषयच नाही. नाशिक हायवे राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यामुळे पडघ्याजवळचा अर्जुनली नाका आणि पुढचा घोटीचा नाका पासावर निघतात. समृद्धी महामार्ग मात्र राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. तिथे तोच स्टिकर साध्या फास्टॅगसारखा वागतो आणि खात्यातले पैसे कापून घेतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूची गोष्ट हीच. काचेवर स्टिकर एक, पण त्याच्या मागे दोन वेगळे हिशेब चालतात: पासातल्या फेऱ्या आणि खात्यातली शिल्लक. पासाचे पैसे भरल्याने शिल्लक वाढत नाही.

समृद्धीवर जितके किलोमीटर चालाल तितका टोल. एप्रिल 2025 च्या दराने कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे. आमणे ते शिर्डी साधारण 181 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे पावणेचारशेच्या घरात, जाऊन-येऊन साडेसातशे. नाशिकला हायवेने जाऊन-येऊन पासाच्या चार फेऱ्या जातात. दोनशे फेऱ्या पुरेपूर वापरल्या तर एक फेरी 15 रुपयांना पडते, आणि हा आकडा ऐकूनच लोक पास काढतात. पण वर्षात नाशिकच्या तीनच खेपा झाल्या तर त्याच पासातली प्रत्येक फेरी 250 रुपयांना पडली! पास घेण्याआधी फास्टॅगचं गेल्या वर्षाचं स्टेटमेंट काढा आणि त्यातले फक्त राष्ट्रीय महामार्गाचे नाके मोजा. आमच्याकडे मोजल्यावर अकरा भरले. आम्ही पास घेतला नाही.

पेट्रोलचा फरक टोलच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून तो कोणी धरत नाही. आमची गाडी नव्वदच्या वेगाला लिटरमागे सतराच्या आसपास देते, एकशेवीसला चौदावर येते. समृद्धीवर सपाटीला कारची मर्यादा 120 आणि घाटात 100 आहे. ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे; मी तिथेही नव्वद-पंचाण्णवने डावी बाजू धरून जाते. नवरा कुरकुरतो.

सुरक्षिततेचं म्हणाल तर दोन्ही रस्त्यांचे धोके वेगळ्या जातीचे आहेत. नाशिक हायवेवरचे धोके डोळ्यांना दिसतात: उलट्या बाजूने येणारी बाइक, अचानक वळणारा टेम्पो, पावसाळ्यात कसारा घाटातलं धुकं. आणि खास या रस्त्याचे म्हणजे शिर्डीचे पदयात्री. रामनवमीच्या आसपास मुंबई-ठाण्याहून निघालेल्या पालख्या कडेकडेने चालत असतात, पहाटेच्या अंधारात तर हेडलाइटच्या उजेडात आधी एखादा भगवा झेंडाच दिसतो, माणूस नंतर. त्या दिवसांत मी पहाटे हायवेने जात नाही.

समृद्धीवर यातलं काही नाही. दुचाकी-रिक्षांना बंदी, समोरून कोणी येत नाही, आणि इगतपुरीजवळ कसाऱ्याच्या वळणांऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. म्हणून लोक तिला सरसकट सुरक्षित म्हणतात, आणि इथेच माझं जमत नाही. सरळ, एकसुरी काँक्रीट. स्टिअरिंग हलवावं लागत नाही, ब्रेक लागत नाही, मागे सगळे झोपलेले. डोळे उघडे असून मेंदू पेंगतो. हायवेवर खड्डाच तुम्हाला जागं ठेवतो!

दुसरी गोष्ट टायरची. तापलेल्या काँक्रीटवर तासभर न थांबता वेगाने धावताना कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. गल्लीत तोच टायर वर्षभर बिनतक्रार चालतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. पाच माणसं आणि डिकीत बॅगा असतील तर तोच धरायचा, आणि हवा गाडी थंड असताना भरायची. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा शोधा: 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आमच्या स्टेपनीवर 0816 निघालं. नक्षी अगदी नवी होती, पण रबरावर बारीक भेगा होत्या. बदलली. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा, आजीनेसुद्धा. सुरकुत्या पडतील ही साडीची तक्रार ऐकून घ्यायची नाही.

थांबे हा म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक. हायवेवर शहापूरला चहा, वाटेत वडापाव, मनात आलं की गाडी बाजूला. समृद्धीवर मधेच थांबता येत नाही आणि थांबूही नये. थांबलेल्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात अशा रस्त्यांवर होतात. सासऱ्यांना दर दीड तासाला उतरावं लागतं. म्हणून समृद्धीने जायचं असलं की आमणेच्या अलीकडेच एक थांबा उरकून घेतो, डबा आणि पाणी पुढच्या सीटपाशी ठेवतो, आणि पेट्रोलची टाकी ठाण्यातच भरतो.

नुसतं नाशिकला जायचं असेल तर फार डोकं लावू नका. समृद्धी नाशिक शहरात जात नाही. इगतपुरीला उतरून पुन्हा जुन्याच हायवेला लागायचं आणि घोटीचा नाका द्यायचाच. धुक्याच्या दिवसांत कसारा घाट टळतो, एवढ्यासाठी आमणे-इगतपुरीच्या 76 किलोमीटरचे दीडशे-पावणेदोनशे रुपये मला महाग वाटत नाहीत, उन्हाळ्यात वाटतात. शिर्डीसाठी मात्र समृद्धी सरळ जवळ नेऊन सोडते: कोपरगावजवळ कोकमठाणला उतरलं की शिर्डी हाकेच्या अंतरावर.

आम्ही अलीकडे जाताना समृद्धी आणि येताना हायवे असं करतो. पहाटे चालवणारा ताजा असतो, तेव्हा एकसुरा रस्ता चालतो. परतताना सगळे थकलेले, कोणी ना कोणी "थांब ना जरा" म्हणणारच, आणि सासूबाईंना इगतपुरीला घाटनदेवीला उतरल्याशिवाय घाट उतरू द्यायचा नसतो.