पार्श्वभूमी : तेलताडाचे मळे आणि बोर्निओचे किडे

१८५५ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये सिमुंजोन नदीजवळ मुक्कामाला गेला. कोळशाच्या खाणीसाठी तिथे जंगलतोड चालली होती. पाडलेल्या ओंडक्यांवर, सालींवर, भुशावर भुंगेऱ्यांची झुंबड उडे. मजूर ते पकडून आणत आणि वॉलेस किड्यामागे एक सेंट देई. बोर्निओत त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे २,००० जाती जमवल्या. त्यातल्या शंभरेक सोडल्या तर बाकी सगळ्या इथल्याच, जेमतेम एका चौरस मैलातल्या! म्हणजे जंगल तुटत होतं म्हणूनच ही संपत्ती त्याच्या हाती लागली. पण तेव्हा तोड होती टीचभर आणि भोवतीचं जंगल अफाट. पुढच्या सव्वाशे वर्षांत हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी उलटं झालं.

ज्या झाडाने ते उलटवलं ते मूळचं तिथलं नव्हेच. तेलताड, म्हणजे आपल्या पामतेलाचा ताड, पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लागली. त्यांचा वंश सुमात्रात तंबाखूच्या मळ्यांभोवती शोभेसाठी गेला. १९११ मध्ये सुमात्रात आणि १९१७ मध्ये मलायातल्या (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या) सेलांगोरला तेलासाठी लागवड सुरू झाली. तरी मलायात राज्य होतं रबराचं. १९५६ मध्ये भूमिहीन कुटुंबांना जमीन देण्यासाठी ‘फेल्डा’ ही सरकारी संस्था निघाली आणि रबराच्या भावाचा भरवसा उरला नाही तशी तीही पामकडे वळली. त्यामुळे या सगळ्याचं खापर एकट्या गोऱ्या मळेवाल्यांवर फोडून भागत नाही. बोर्निओवरच्या सबाह या मलेशियन राज्यात आधी किमती लाकूड गेलं, मग उरल्यासुरल्या रानाच्या जागी पाम आला. १९९० ते २००५ या काळात मलेशियात पामची जी नवी लागवड झाली, तिच्यातली निम्म्याहून अधिक जंगलाच्या जागी झाली, असा अंदाज आहे.

मळा म्हणजे किड्यांचा दुष्काळ, असं मात्र नाही. मोजक्या किड्यांची तिथे चंगळ असते. जुने ताड पाडून नवे लावताना खोडं कुजत पडली की त्यांत गेंडा भुंगा माजतो. नारळवाल्या कोकणी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मलायातल्या मळ्यांत दिसेल तो किडा मारणारी औषधं फवारली गेली, तेव्हा पानांच्या तुकड्यांची पिशवी करून राहणाऱ्या अळ्यांचा उलट उद्रेकच झाला. कारण त्या अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या आधी मेल्या होत्या. अशी फवारणी थांबवल्यावर अळ्या पुष्कळशा आटोक्यात आल्या.

सगळ्यात बोलका प्रसंग परागीभवनाचा. तेलताडाचे पराग वारा वाहून नेतो, अशी समजूत बरीच वर्षं होती. प्रत्यक्षात फळ नीट धरेना, म्हणून मळेवाले मजूर लावून हाताने पराग शिंपडून घेत. मग कॅमेरूनमधून एक चिमुकला सोंडवाला भुंगेरा आणून, तपासून, १९८१ मध्ये मलेशियात सोडला. थोड्याच काळात मजुरांचं ते काम संपलं आणि फळधारणा वाढली. ज्या भूमीत एका चौरस मैलात भुंगेऱ्यांच्या जवळजवळ दोन हजार जाती सापडल्या होत्या, तिथल्या पिकाला आफ्रिकेतून एक भुंगेरा आयात करावा लागला.

बाकीच्यांचं काय झालं याची मोजदाद उशिरा सुरू झाली. सबाहमधल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंगलात मुंग्यांच्या ३०९ जाती मिळाल्या, पामच्या मळ्यात ११०. पालापाचोळ्यातल्या मुंग्या २१६ जातींवरून ५६ वर आल्या. कारण समजायला अवघड नाही. मळ्यातली हवा मूळ जंगलापेक्षा साडेसहा अंशांपर्यंत जास्त तापू शकते, जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर नसतो, आणि खाली पिवळ्या, लांब पायांच्या, सैरावैरा धावणाऱ्या एकाच मुंगीचं साम्राज्य असतं. पण त्याच अभ्यासात, झाडावर वाढणाऱ्या घरट्यासारख्या नेच्यांमध्ये (फर्नमध्ये) मुंग्यांच्या जंगलात ३६ जाती होत्या आणि मळ्यात ३५. नेचा स्वतःच्या पोटात पाचोळा साठवतो आणि ओल धरतो. संख्या टिकली, तरी जाती त्याच राहिल्या असं नव्हे. नुसत्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आपला यात संबंध कढईपुरताच आहे असं वाटेल. पामतेल आयात करण्यात भारत जगात पहिला. फरसाणापासून साबणापर्यंत ते सगळीकडे असतं. ही आयात घटवण्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचं पाम अभियान जाहीर केलं. त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर विशेष भर आहे. कॅमेरूनचा तो भुंगेरा तर १९८५ मध्येच केरळात येऊन राहिला आहे.