मोठा पंप हा असमान थंडाव्यावरचा उपाय नव्हे

मध्यवर्ती वातानुकूलनाच्या इमारतीत टोकाचे मजले थंड होत नसले की ‘थंड पाणी फिरवणारा पंप कमी पडतो, मोठा बसवा’ असे सर्रास सांगितले जाते. गाळणी तुंबलेली नाही आणि पाइपात हवा अडकलेली नाही, याची खात्री केल्यानंतरही हा सल्ला बहुधा चुकीचाच ठरतो. विरोध कमी असलेल्या वाटेने पाणी जास्त वाहते. त्यामुळे पंपाजवळच्या कॉइलना (हवा गार करणाऱ्या, थंड पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यांना) गरजेपेक्षा जास्त आणि टोकाच्या कॉइलना तुटपुंजे पाणी मिळते. मोठ्या पंपाने दोन्हींकडचा प्रवाह वाढतो, पण वाटणी जवळपास तशीच राहते. शिवाय त्याच पाइपांतून २० टक्के जास्त पाणी ढकलायला सुमारे ७३ टक्के जास्त शक्ती लागते, आणि जवळच्या कॉइलमधले जादा पाणी पुरेशी उष्णता न घेताच चिलरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे, परतते.

खरा उपाय बॅलन्सिंग व्हॉल्व्हचा, म्हणजे पाइपाच्या प्रत्येक शाखेतला प्रवाह ठरवणाऱ्या झडपेचा आहे. त्याच्या दोन चाचणी-टोकांना मापक जोडून दाबातला फरक वाचायचा, व्हॉल्व्ह किती फेरे उघडा आहे ते पाहायचे आणि उत्पादकाच्या तक्त्यावरून प्रवाह काढून जवळच्या शाखा आवळायच्या. एक व्हॉल्व्ह फिरवला की इतर शाखांचा प्रवाहही बदलतो, म्हणून मोजणी पुन्हा करावी लागते. ती टाळणे मला अक्षम्य वाटते. सर्वांत अडचणीच्या, म्हणजे सर्वाधिक विरोधाच्या शाखेचा व्हॉल्व्ह मात्र जवळजवळ पूर्ण उघडाच ठेवतात.